‘आर्गस’चा शेवट मला बत्तीस वर्षांनी ऐकू आला

तुम्ही विचारलंय की असा कुठला जुना रॉक अल्बम आहे, जो हाताशी असूनही नीट ऐकला नव्हता आणि पुढे कधीतरी नव्याने सापडला. माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. विशबोन अ‍ॅश या ब्रिटिश बँडचा ‘आर्गस’, 1972 सालचा. माझ्याकडे तो 1990 पासून होता. फक्त शेवटचं दीड-एक मिनिट नव्हतं.

त्याचं असं झालं. तेव्हा पुण्यात इंग्रजी गाणी हवी असली की आम्ही कॅम्पात जायचो. प्रत्येक कॅसेट विकत घ्यायची ऐपत कुणाची होती? कोरी कॅसेट आणि यादी दुकानदाराकडे द्यायची, आठवड्याभराने तो त्याच्याकडच्या एलपी रेकॉर्डवरून भरून द्यायचा. मी नव्वद मिनिटांची कॅसेट दिली होती, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ‘आर्गस’ची लांबी जवळपास तेवढीच. बसला असता तो. पण या भल्या माणसाने एलपी उलटताना टेप थांबवलीच नाही, बहुतेक चहाला गेला असणार. त्यामुळे ‘ब्लोइन फ्री’ संपल्यावर माझ्या कॅसेटवर दोन मिनिटं नुसती खरखर, मग सुई टेकल्याचा ‘खट्’, आणि मग दुसरी बाजू सुरू. तिकडे वाया गेलेली मिनिटं शेवटच्या गाण्यातून वजा झाली. ‘थ्रो डाउन द सोर्ड’मध्ये गिटार ऐन रंगात आलेली असताना टेप संपायची आणि प्लेयरचं बटण वर उडायचं. मला वाटायचं गाणं तसंच आहे. रॉकवाले लोक, करतही असतील असं.

कॅसेट भरून घेतलेली, त्यामुळे कव्हर नाही, माहिती नाही. माझ्याच अक्षरात सात गाण्यांची नावं, त्यातली दोन चुकीची.

तरी त्यात काहीतरी वेगळं आहे हे पहिल्यांदा कळलं ते नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना. नाना हौशी पेटीवादक. माझ्या संगीताला ते ‘डबडी बडवणं’ म्हणत. एका रविवारी मी ‘आर्गस’ लावला होता आणि ते दाढी करता करता दारात येऊन उभे राहिले, अर्ध्या गालाला साबण तसाच. म्हणाले, “दोघं वाजवतायत ना रे? मग एकाच्या मागे दुसरा का येत नाहीये?” आपल्याला जुगलबंदीची सवय. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, नाहीतर दोघांनी मिळून एकाच सुरात म्हणायचं. इथे तसं नव्हतं. नानांनी पेटी काढली आणि थोडं चाचपडून दाखवलं: एक गिटार सा रे ग म घेत असेल, तर दुसरी त्याच क्षणी ग म प ध घेतेय. चाल एकच, पायऱ्या वेगळ्या. दोन पट्ट्या एकदम दाबत ते चारदा वर-खाली गेले, “गोड लागतंय खरं,” म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले. माझ्या संगीताला त्यांच्याकडून मिळालेली तेवढीच दाद.

ही दोन गिटारांची भानगड जन्माला आली तीही मजेशीर. बँडला गिटारवाला एकच हवा होता. निवडीत शेवटी अँडी पॉवेल आणि टेड टर्नर असे दोघं उरले, कुणाला नाही म्हणायचं ते ठरेना, म्हणून दोघांनाही ठेवून घेतलं. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसने आपल्यावर या बँडचा प्रभाव असल्याचं सांगितलंय, आणि थिन लिझी या बँडची जोडगिटार ऐकली तरी हीच वाट दिसते. गंमत म्हणजे ‘आर्गस’चा साउंड इंजिनिअर मार्टिन बर्च हाच डीप पर्पल या बँडच्या ‘मशीन हेड’ अल्बमचा इंजिनिअर, आणि पुढे 1981 पासून आयर्न मेडनचा निर्माता. म्हणजे कॉलेजात मेडनचे काळे टी-शर्ट घालून फिरणारे आम्ही सगळे नकळत याच घरातलं खात होतो.

मग मागे का पडला? त्या वेळी पडला नव्हता. इंग्लंडच्या अल्बम-विक्रीच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता आणि ‘साउंड्स’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं होतं. पण साल बघा. त्याच 1972 मध्ये ‘मशीन हेड’, जेथ्रो टलचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’, बोवीचा ‘झिगी स्टारडस्ट’, यसचा ‘क्लोज टु द एज’. पुढच्या मार्चला पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’. एवढ्या पंगतीत ज्याच्याकडे एकही मिरवणारा चेहरा नाही त्याच्या पानावर कोण वाढणार? विशबोन अ‍ॅशचं गाणं म्हणणं बेताचंच आहे, हे मी चाहता असूनही कबूल करतो. आवाज सौम्य, एकमेकांत मिसळलेले. किंचाळणारा, केस उडवणारा कुणी नाही. आणि ज्या एका तुकड्यावरून पोरं बँड ओळखतात तसा तुकडाही नाही. पुण्यातल्या कुठल्याही गिटार क्लासच्या जिन्यात उभे राहा, डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ ऐकू येईलच. ‘आर्गस’मधलं काही येणार नाही. ते वाजवायला दोघं लागतात आणि त्या दोघांचं पटावं लागतं.

मीही त्याला विसरलोच. नोकरी, सीडी, एमपीथ्री. 2022 च्या पावसाळ्यात घराला रंग द्यायचा म्हणून माळा उपसला, तेव्हा कॅसेटचा डबा निघाला. प्लेयर चालू केला तर सगळे गायक झोपेत गात असल्यासारखे, कारण आतला रबरी बेल्ट सैल पडून वेग कमी झालेला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हिंडून बेल्ट मिळवला. दुकानदाराने मला आणि बेल्टला सारख्याच कौतुकाने बघितलं.

त्या रात्री ती बाजू सलग ऐकली. बटण नेहमीच्या जागी उडालं आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं की अरे, हे गाणं असं संपत असेल का? फोनवर शोधलं, शेवटची तीन मिनिटं लावली.

नाही संपत तसं. एलपीच्या पहिल्या बाजूला निवांत प्रेमगीतं, आठवणी. दुसऱ्या बाजूला राजा येणार म्हणून वर्दी, मग ‘वॉरियर’मध्ये शस्त्र उचलणं, आणि अखेरीस लढून थकलेल्या माणसाने तलवार खाली टाकणं. शब्द संपतात आणि गिटार पुढे चालत राहतात. मला आत्तापर्यंत ठाऊक होती ती फक्त त्या वादनाची चढण. पुढे आवाज हळूहळू लहान होत जातो, कुणी दरीत उतरत दूर जावं तसा. माझ्या कॅसेटवरचा योद्धा बत्तीस वर्षं तलवार हातातच धरून उभा होता.

कव्हरही त्याच रात्री पाहिलं. शिरस्त्राण घातलेला पहारेकरी दरीकडे बघत पाठमोरा उभा आहे. पाठच्या कव्हरवर नीट पाहिलंत तर आकाशात बारीकशी उडती तबकडी आहे. का आहे, विचारू नका, ते साल 1972 होतं.

ऐकणार असाल तर एक सांगतो. ‘टाइम वॉज’ची सुरुवातीची तीनेक मिनिटं फार शांत आहेत, तिथे कंटाळून पुढे सरकू नका. अजिबात धीर नसेल तर ‘समटाइम वर्ल्ड’ लावा आणि मध्यावर लय बदलते तिथे मार्टिन टर्नरच्या बास गिटारकडे कान द्या. नंतरच्या काही आवृत्त्यांत जास्तीची लाइव्ह गाणी जोडली आहेत. मूळ सात झाली की थांबा, नाहीतर शेवटाची चव जाते.

कॅसेट मात्र टाकलेली नाही. तिच्या दुसऱ्या बाजूला ताईने आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली नाट्यगीतं आहेत आणि ती बाजू तिला हवी आहे.