पांढऱ्या पेशी वाढल्यात, आईला काही गंभीर तर नाही ना?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या आईला दमा आहे. गेल्या आठवड्यात धाप फारच वाढली म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, आता तिला बरंच बरं आहे, ताप वगैरे काही नाही. पण काल सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) केली तर पांढऱ्या पेशी १४,८०० आल्यात. नेटवर शोधलं तर पहिलंच ब्लड कॅन्सर! आईला अजून काही बोलले नाहीये, झोप उडालीय.

उत्तर: ताई, तुम्ही स्टेरॉइडचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक उत्तर तिथेच आहे. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० नॉर्मल धरतात. पण आपल्या न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशींपैकी जवळजवळ निम्म्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात, त्या मोजणीत येतच नाहीत, आणि स्टेरॉइड घेतलं की त्या भिंत सोडून वाहत्या रक्तात येतात, मग इन्फेक्शन नसतानाही आकडा सहज १४-१५ हजारांवर जातो.

आता रिपोर्टमधे टोटलच्या खाली बघा, तिथे डिफरन्शियल काउंट असतो, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कुठला प्रकार (न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, लिम्फोसाइट वगैरे) किती ते, मी तर आधी तोच बघतो. न्यूट्रोफिल वाढलेत आणि दमा असूनही इओसिनोफिल अगदी शून्याजवळ आहेत असं दिसलं तर ते स्टेरॉइडशी जुळतं. एरवी इओसिनोफिल अ‍ॅलर्जी, दमा, जंत यात वाढतात, लिम्फोसाइट बऱ्याचदा व्हायरलमधे. न्यूट्रोफिल बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमधे तर वाढतातच, पण सिगारेट, गरोदरपण, ऑपरेशन, भाजणं यातही वाढतात. म्हणून नुसत्या टोटलवरून कोणी काही सांगू नये, आणि तापच नसेल तर आकडा उतरवायला म्हणून अ‍ॅन्टिबायोटिक तर अजिबात घेऊ नये.

कॅन्सरची शंका आम्हाला कधी येते ते पण सांगतो. रिपोर्टमधे ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी दिसल्या, सोबत हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरले, वजन उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, गाठी आल्यात, किंवा काहीच कारण नसताना आकडा प्रत्येक वेळी चढत चाललाय. मग स्मिअर करून, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून, पेशी मायक्रोस्कोपखाली बघाव्या लागतात. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचे आकडे एकदा बघून घ्या.

गोळ्या मात्र घाबरून मधेच बंद करू नका, कोर्स डॉक्टरांनी सांगितला तसाच संपवा आणि संपल्यावर दोनेक आठवड्यांनी सीबीसी परत करा. त्याआधी ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा धाप पुन्हा वाढली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि आईला सांगून टाका हो, तुमचा चेहरा बघून तिला काहीतरी कळलंच असेल.