बाबांवर लिहायचंय ना?

अगं, तुझ्या बाबांच्या पंचाहत्तरीला लिहायचंय ना, मग 'कष्टाळू, प्रेमळ, आधारवड' हे आधी खोड. कुणाच्याही बाबांना चालतात. माझ्या बाबांवर मीही पहिल्यांदा तसंच खरडलं होतं. आईने वाचून विचारलं, "हे कोणाबद्दल आहे गं?"

मग आठवलं आपलं बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. शनिवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून दांडिया बाजारातून मांडवीला न्यायचे. तिथे पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन काचेची, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. मी दारातच खिळायची. बाबा चपला काढून पुढे चालायला लागायचे, एक हात मागे माझ्यासाठी मोकळा ठेवून. "घाबरू नकोस" वगैरे काही नाही. आजही अवघड काम हाती घेताना मी टेबलाखाली चपला काढते. ऑफिसातली पोरं हसतात, हसू देत.

असं एक काहीतरी शोध. त्यांचा तिरसटपणाही येऊ दे. पुस्तकाचं पान दुमडलं तर माझे बाबा दोन दिवस बोलत नसत!

आणि लिहिलेलं त्यांच्यासमोर वाच. ते चष्मा पुसायला लागले तर थांबू नकोस, पुढे वाचत राहा.