पोटावरच्या रेघा कुठल्या तेलानं जातात?

तुम्ही विचारलंय : सातवा महिना चालू आहे, बेंबीखाली जांभळट रेघा दिसायला लागल्यात, खाजही सुटते. ओळखीतल्या सगळ्याजणी १२०० रुपयांचं एक तेल सुचवताहेत, घेऊ का? आणि बाळंतपणानंतर या रेघा जातात का?

तेल घेऊ नका. वास आवडला असेल तर घ्या, रेघांसाठी नको.

मी कोल्हापूरची, दोन लेकरांची आई. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यापासूनच कामाला लागले होते. सकाळी महागातली क्रीम, रात्री लक्ष्मीपुरीतून आणलेलं घाण्याचं खोबरेल. परकराच्या नेफ्याला तेलाचे असे डाग पडले की ते आजतागायत निघालेले नाहीत. आणि आठव्यात एकदा अंघोळ करताना बेंबीखाली बोटाला काहीतरी लागलं, बारीक चर पडल्यासारखं. पोट एवढं पुढं आलेलं की खाली वाकून दिसायचं नाही. आरशापुढं उभी राहिले तर बीट चिरल्यावर विळीच्या पाटाला रंग लागतो ना, तसल्या सहा-सात रेघा. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आई आत आली, बघितलं आणि म्हणाली, "हे माझ्याकडनं आलंय तुला." निऱ्या जरा खाली सरकवून तिनं तिचं पोट दाखवलं. चंदेरी रेघा, अगदी कमरेपर्यंत. तीस वर्षं एका घरात काढली, पण मी त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

आईचं म्हणणं बरोबरच होतं. कातडीच्या मधल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिनच्या तंतूंचं जाळं असतं. पोट भराभर वाढतं, त्यात हार्मोन्समुळं हे जाळं कमकुवत झालेलं असतं, मग ते जागोजागी उसवतं. कुणाचं किती उसवेल हे बरंचसं घराण्यावर असतं. कमी वयात दिवस गेले, जुळं असलं, बाळ मोठं असलं किंवा वजन झपाट्यानं वाढलं तरी शक्यता वाढते. वरून चोळलेलं तेल त्या थरापर्यंत पोचून तंतू शिवत बसत नाही. उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०१२ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हाही लावायच्या क्रीम-तेलांनी रेघा टळतात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेलाच्या वेगळ्या चाचण्याही झाल्यात, त्यांतूनही हाती काही लागलं नाही.

आपल्या हातात असलंच तर थोडंफार वजन. मला डॉक्टरांनी एकूण १० ते १२ किलो वाढ सांगितली होती. सासूबाईंच्या "दोन जिवांचं खा"पुढं ती किती टिकली ते विचारू नका. पण रेघांच्या भीतीनं जेवण तोडू नका, तो शुद्ध वेडेपणा होईल.

मग तेल लावायचंच नाही का? लावा की, खाजेसाठी. ताणलेली कातडी कोरडी पडते म्हणून खाजते. अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच साधं खोबरेल लावलं की बरं वाटतं. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका सांगतात, बाळाला केस आले की पोट खाजतं. गंमत म्हणजे चरकसंहितेत सातव्या महिन्याच्या वर्णनात जवळपास हीच समजूत 'बायका असं म्हणतात' म्हणून दिलीय आणि लगेच ती खोडूनही काढलीय! या रेघांना तिथं 'किक्किस' म्हटलंय आणि खाजवू नका असं बजावलंय. म्हणजे आपल्या आज्या तेव्हापासून ऐकत नाहीयेत.

एक मात्र अजिबात करू नका. माझ्या जावेनं खाजेसाठी मेडिकलमधनं विचारून एक ट्यूब आणली. खाज थांबली म्हणून दोन महिने पोटा-मांड्यांना चोळत राहिली. त्यात कडक स्टेरॉइड होतं. असलं स्टेरॉइड दिवसेंदिवस लावलं की कातडी पातळ होते आणि त्यानंच अशा रेघा पडतात. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय कुठलीही ट्यूब नको.

बाळंतपणानंतर रेघा जात नाहीत, फिकट होतात. माझा जांभळा रंग बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत उतरला आणि आईसारखा चंदेरी झाला. बोट फिरवलं तर अजून लागतात. पोटपट्ट्यानं आणि मालिशवाल्या मावशींच्या हातानं अंगाला आराम पडला, रेघांना काडीचा फरक पडला नाही. ट्रेटिनॉइनच्या क्रीमनं ताज्या रेघा थोड्या सुधारतात, पण ती गरोदरपणात चालत नाही आणि अंगावर पाजत असतानाही टाळायला सांगतात. लेसर, मायक्रोनीडलिंग (कातडीला बारीक सुया टोचणं) हे सगळं नंतरचं. रेघा लाल असतानाच त्याचा जास्त उपयोग होतो, बऱ्याच बैठका लागतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहायचा धोका असतो. मी खर्च विचारला आणि घरी आले. कुणाला करावंसं वाटलं तर मी नावं ठेवणार नाही, फक्त 'पूर्ण घालवून देतो' म्हणणाऱ्याकडं जाऊ नका.

आता जे मी आधी विचारायला हवं होतं ते. तुमची खाज नेमकी कुठं आहे? पोटावरच असेल आणि तेलानं शमत असेल तर ठीक. रेघांवरच बारीक लाल पुरळ उठलं असेल तर पुढच्या तपासणीला दाखवा, बाळंतपणानंतर ते बहुधा आपोआप जातं. पण तळहात-तळपाय खाजत असतील, पुरळ काहीच नाही, रात्री जास्त होतंय, असं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. यकृतातलं पित्त नीट वाहत नसलं की असं होतं. रक्तातली पित्ताम्लं आणि यकृताची तपासणी करतात, कारण बाळाला त्याचा धोका असतो. कुठं खाजतंय तेवढं खाली कळवा.