नव्या टाकीत गप्पी आठवडाभरही का टिकत नाहीत?

आपल्या प्रश्नातील तपशील असा आहे : दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी नवी टाकी, त्यात एकाच दिवशी सोडलेले बारा गप्पी, आणि दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडी, काचा व फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याचा नेम. पाणी नितळ असूनही मासे पर मिटून पृष्ठभागाशी येतात, तोंडाने भराभर श्वास घेतात आणि एकेक करून मरतात. दुकानदाराने दिलेल्या निळ्या औषधानेही फरक पडला नाही आणि आता पाच मासे उरले आहेत. या वर्णनावरून मला हा रोग वाटत नाही. टाकी धुण्याची ही पद्धतच माशांच्या जिवावर उठली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेले खाद्य कुजल्याने पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाण्याचा नितळपणा हा त्याच्या शुद्धतेचा पुरावा ठरत नाही. जुन्या टाकीत स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनियाने कल्ले भाजल्यासारखे होतात, तर नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते. म्हणूनच एअर पंप चालू असतानाही मासा वर येऊन धापा टाकतो. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण दर रविवारी क्लोरिनच्या पाण्याने त्यांना धुऊन काढता आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवता.

तेव्हा आजपासून टाकी पूर्ण रिकामी करणे थांबवावे. आपल्या टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ३३ लिटर पाणी मावत असेल. उरलेल्या पाच माशांसाठी पुढील काही आठवडे एक दिवसाआड आठ लिटर पाणी नळीने तळाजवळून काढावे आणि तेवढेच क्लोरिनमुक्त पाणी, टाकीतल्या तापमानाशी जुळवून, हळूहळू घालावे. उघड्या बादलीत २४ तास ठेवलेल्या पाण्यातला क्लोरिन उडून जातो, पण क्लोरामाइन (पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरिन-अमोनियाचे संयुग) जात नाही. त्यामुळे दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिन वापरणे अधिक खात्रीचे. स्पंज तुंबलाच तर तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, नळाखाली कधीही नाही. एखाद्या परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला, तर तो आपल्या टाकीत ठेवल्याने जिवाणू वाढण्याचे काम पुष्कळ लवकर होते. नायट्राइटचा त्रास कमी करण्यासाठी लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून घालता येते. गप्पी ते सहज सोसतात. यानंतर बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे, कारण बाष्पीभवनाने मीठ उडत नाही. निळे औषध मात्र मुख्य टाकीत घालू नये, त्याने उपयुक्त जिवाणूंनाही बाधा पोहोचते. या काळात खाद्य एक दिवसाआड, मिनिटभरात संपेल इतकेच पुरे.

पाणी ‘शुद्ध’ हवे म्हणून आपण आरओचे पाणी वापरण्याचा विचार करत आहात. तसे करू नये. गप्पी मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि गयाना या भागातला, आणि त्याला क्षारयुक्त, ७ ते ८ सामू (पीएच) असलेले पाणी मानवते. आरओ यंत्र नेमके हेच क्षार काढून टाकते. बोअरचे जड पाणी अनेक माशांना चालत नसले तरी गप्पींना सहसा चालते. तापमान २४ ते २७ अंशांच्या आसपास स्थिर असावे. पुणे-नाशिककडे थंडीत रात्री पारा बराच उतरतो, तेव्हा तिथे ५० वॅटचा हीटर लावणे आवश्यक समजावे.

टाकी स्थिरावल्यावर नवे मासे दोन-तीनच्या टप्प्यांनी सोडावेत. जागा लहान असल्याने केवळ नर ठेवावेत, असे मी सुचवेन. दुकानातून आणलेली मादी बहुधा गाभणीच असते आणि नराचे शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर नसतानाही तिला साधारण महिन्या-महिन्याने पिल्ले होत राहतात. मादी ठेवायचीच असेल, तर प्रत्येक नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, म्हणजे नरांच्या सततच्या पाठलागाचा ताण एकीवर पडत नाही. विण्याची वेळ जवळ आली की मादीचे पोट चौकोनी दिसू लागते, गुदपराजवळचा (पोटामागच्या खालच्या पराजवळचा) काळा डाग गडद होतो आणि फिकट रंगाच्या मादीत त्या डागात पिल्लांचे इवले डोळेही दिसतात. मग ती हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यात एकटी थांबते. पिल्लांना आई स्वतःच खाते, म्हणून जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट पुंजका आधीच ठेवलेला असावा.

पिल्ले जास्त झाली तर ती दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी पालकाला द्यावीत. डास मारण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी सोडतो, हे खरे. परंतु ओढ्यात किंवा तलावात पोहोचलेला गप्पी झपाट्याने वाढतो आणि आपल्याकडच्या लहान माशांच्या अन्नावर व पिल्लांवर ताव मारतो, त्यामुळे घरच्या टाकीतला एकही मासा तिथे सोडू नये.