तालमी आणि जुना दोस्त: माझी घोडचूक

एकांकिकेच्या ग्रुपमध्ये जीव रमलाय, पण अकरावीपासूनचा मित्र आता नुसतं 'बरं' म्हणून उठून जातो, असं लिहिलंयस. भावा, माझंच दुसरं वर्ष वाचतोय असं वाटलं.

अभ्यास सांभाळ वगैरे बाकीचे सांगतीलच. मी माझी चूक सांगतो. युवा महोत्सवाच्या तालमी लागल्या आणि महिनाभर मी वर्गात फिरकलो नाही. हजेरीच्या सवलतीचं पत्र मित्राच्या हातात कोंबलं, "तेवढं ऑफिसात दे." तो कागलहून एसटीनं यायचा. बिचाऱ्यानं तीन हेलपाटे घातले. एकदा जावक क्रमांक नाही, एकदा सही अस्पष्ट, एकदा साहेब जेवायला गेलेले. शेवटी ऑफिसवाल्यांनी पत्र ठेवून घेतलं. पोच दिली नाही. परीक्षेचा फॉर्म भरताना माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, आणि पत्र म्हणे 'आलंच नाही'.

चहाच्या गाड्यावर, अख्ख्या ग्रुपसमोर, मी त्याला म्हटलं, "माझं नाटक बघवत नाही ना तुला?" त्यानं अर्धा कप खाली ठेवला, दोघांचे पैसे दिले आणि गेला. पंधरा दिवसांनी पत्र त्याच ऑफिसात, एनएसएसच्या फायलीत सापडलं. तरी मी माफी मागितली नाही. ग्रुपमध्ये हिरो होतो ना!

महोत्सव संपला, ग्रुप पांगला. त्यांचा दोष नाही. रोज रात्री अकरापर्यंत एकच प्रवेश घासताना माणसं जवळ येतात, प्रयोग झाला की ज्याची त्याची वाट.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा कित्येक वर्षांनी त्याचा फोन आला. "तू तिथं नाहीस न्हवं?" मग मी रडलो आणि माफी मागितली. लई उशिरा.

माझं मत, पटलं तर घे: त्याला प्रयोगाला बोलावू नकोस, तालमीला बोलाव. प्रॉम्प्टिंगची, म्हणजे विसरलेलं वाक्य सुचवायची वही दे हातात. बाहेर बसून वाट बघणाऱ्याला तुमचे आतले विनोद टोचतात. तुझा मित्र खरंच जळका असेल तर मात्र माझा सल्ला बाद.

आणि पत्र स्वतः नेऊन दे. झेरॉक्सवर आवकचा शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. साहेब जेवत असले तर डबा संपेपर्यंत तिथंच बस.