नायक गैरहजर असताना त्याच्यावाचून कोणाचे अडते?

तुम्ही विचारले आहे की, एका फँटसी मालिकेचे पाच खंड तुम्ही ज्या तीन पात्रांसाठी वाचलेत, ती तिन्ही पात्रे सहाव्या खंडात जेमतेम चाळीस पानांपुरती येतात आणि उरलेले पुस्तक नव्या, अनोळखी माणसांनी भरलेले आहे. तर अशा वेळी चिडणे हा वाचकाचा उतावीळपणा समजावा की लेखकाचा दोष, आणि सातवा खंड विकत घ्यावा की नाही. मालिकेचे नाव तुम्ही दिलेले नाही, त्यामुळे त्या पुस्तकाचा निवाडा मला करता येणार नाही. मात्र या चिडण्याशी माझी जुनी ओळख आहे. नायक किती पाने दिसतो हे मोजणे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडले. तो दिसत नसताना त्याच्यावाचून कथेत कोणाचे काही अडते का, एवढेच मी पाहते. हे मत कसे बनले ते सविस्तर सांगते. त्यात दोन-तीन जुन्या मालिकांमधील महत्त्वाच्या घटना उघड होतील, याची आधीच कल्पना देते.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचे पहिले तीन खंड मी मुलुंड ते सीएसएमटी या रोजच्या लोकल प्रवासात वाचले. त्या मालिकेत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून लिहिलेले असते आणि बहुतेक वेळा त्या पात्राचे नावच प्रकरणाला दिलेले असते. त्यामुळे गाडीत जागा मिळाली की आज कोणाची पाळी आहे हे आधी पाहायचे, ही सवय लागली होती; टिरियन या बुटक्या सरदारपुत्राचे प्रकरण आले की घाटकोपर कधी गेले हे कळत नसे. चौथा खंड, 'अ फीस्ट फॉर क्रोज', मला फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला. घासाघीस करून तो घेतला, स्टेशनवर पोहोचले आणि फलाटावर उभ्या उभ्या पाने उलटून शीर्षके पाहू लागले. टिरियनचे एकही प्रकरण नव्हते. डेनेरिसचे नव्हते, जॉन स्नोचेही नव्हते. त्यांच्या जागी कोणी संदेष्टा, कोणी पहारेकऱ्यांचा नायक, अशी शीर्षके होती. पुस्तकातील काही पाने गळाली असावीत आणि विक्रेत्याने मला फसवले असावे, असा संशयही मला क्षणभर आला. त्या बिचाऱ्याची मी मनातल्या मनात नंतर माफी मागितली.

असे का घडले, हे लेखकाने त्याच पुस्तकाच्या शेवटी एका टिपणात सांगितले आहे. कथा इतकी वाढली की ती एका खंडात मावेना, म्हणून तिचे दोन भाग करावे लागले. आणि ते करताना काळाच्या मध्यावर रेघ ओढण्याऐवजी लेखकाने प्रदेशांनुसार वाटणी केली, म्हणजे काही पात्रांची पूर्ण कथा या खंडात आणि उरलेल्यांची पुढच्या खंडात. शिवाय तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांचा काळ ओलांडून पुढे जाण्याचा मूळ बेतही त्यांनी सोडून दिला होता. पहिल्या खंडात, प्रास्ताविक प्रकरण वगळता, आठ जणांच्या नजरेतून कथा सांगितली होती. चौथ्यात अशी बारा पात्रे आहेत आणि त्यांतील आठ जणांच्या नजरेतून आपण तोवर कधी पाहिलेलेच नाही. ही कारणमीमांसा मला आज पटते. त्या दिवशी, ठाणे लोकलच्या दारापाशी उभी असताना, अजिबात पटली नव्हती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घ्या. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड, 'द टू टॉवर्स', 1954 साली आला आणि तो संपतो तेव्हा घातकी अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो जिवंत असला तरी शत्रूच्या हाती सापडलेला असतो. तिसरा खंड 1955 च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तेव्हाचे वाचक जवळजवळ वर्षभर ताटकळले, आणि पुस्तक हाती आल्यावर त्यांना काय मिळाले, तर त्याच्या पूर्वार्धातील दहाही प्रकरणांत फ्रोडो नाही, त्याचा सोबती सॅम नाही. वेढे, लढाया, राजे आणि घोडदळ आहे; ज्याच्यावर ती अंगठी नष्ट करण्याची जबाबदारी आहे तो मात्र कुठेच नाही. हिशेबाने पाहिले तर मार्टिन यांच्याइतकाच हा अपराध मोठा ठरायला हवा.

पण त्या दहा प्रकरणांच्या शेवटी काळ्या दरवाजापाशी शत्रूचा दूत पुढे येतो आणि फ्रोडोच्या अंगातील मिथ्रिल या दुर्मिळ धातूचा अंगरखा सर्वांसमोर धरतो. तिथे उभ्या असलेल्या माणसांना वाटते की सगळे संपले. वाचकालाही तसेच वाटते, कारण फ्रोडो पकडला गेला यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नसते. लेखकाने मधे एखादे जरी प्रकरण फ्रोडोला दिले असते, तर हा प्रसंग त्याच पानावर कोसळला असता. याचा पडताळा चित्रपटात मिळतो. तिथे दोन्ही कथानके आलटून पालटून दाखवली आहेत. त्यामुळे विस्तारित आवृत्तीत तो दूत येऊन अंगरखा दाखवतो तेव्हा, सॅमने फ्रोडोला केव्हाच सोडवले आहे हे माहीत असलेला प्रेक्षक नुसता बघत राहतो. नायकाला इतका काळ नजरेआड ठेवण्याची किंमत टोल्किन यांनी अशी वसूल करून दिली आहे. शिवाय त्या दहा प्रकरणांतली जवळजवळ प्रत्येक हालचाल फ्रोडोच्या आशेवर किंवा त्याच्या काळजीपोटी चाललेली आहे.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'मध्ये तर एकाच लेखकाच्या हातून या गोष्टीचे सगळे प्रकार घडलेले दिसतात. तिसऱ्या खंडात, 'द ड्रॅगन रीबॉर्न'मध्ये (1991), रँड हा नायक स्वतः फार थोड्या पानांवर आहे, पण बाकीची सगळी मंडळी त्याच्या मागावर किंवा त्याच्या काळजीने धावत असल्यामुळे पुस्तक त्याचेच राहते. सातव्या खंडाच्या अखेरीस (1996) रँडचा मित्र मॅट याच्या अंगावर एक भिंत कोसळते. आठव्या खंडात (1998) तो अजिबात नाही. त्याचे काय झाले हे कळायला वाचकांना 2000 सालच्या नवव्या खंडापर्यंत थांबावे लागले. भिंतीखाली गेलेल्या माणसासाठी साडेचार वर्षे म्हणजे जरा अतिच झाले. आणि दहाव्या खंडाबद्दल, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'बद्दल (2003), जी निराशा सर्वाधिक ऐकू येते ती मला फार बोलकी वाटते, कारण तिथे मॅट, पेरिन, एग्वेन, एलेन ही जुनी आणि लाडकी मंडळी भरपूर पाने व्यापून आहेत. तरीही वाचक कंटाळले, कारण नवव्या खंडाच्या शेवटी घडलेल्या प्रचंड घटनेच्या वेळी कोण कुठे होते आणि कोणाला काय जाणवले, हेच पानोपानी चालते आणि गोष्ट पुढे सरकत नाही. मालिकेतील एक खंड नायक नसतानाही पकडून ठेवतो, दुसरा नेहमीची मंडळी असूनही हातातून गळून पडतो. तेव्हा तुमच्या सहाव्या खंडातील केवळ 'चाळीस पाने' हा आकडा मला पुरेसा पुरावा वाटत नाही.

खरे तर कथा आडवाटेला नेण्याची सवय आपल्याला या परदेशी मालिकांनी लावलेली नाही. वनपर्वात अर्जुन दिव्य अस्त्रांसाठी इंद्रलोकी गेलेला असतो आणि मागे राहिलेल्या भावांना त्याच्याविना करमत नाही. अशा वेळी युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की, माझ्यापेक्षा दुर्दैवी राजा कोणी झाला असेल का. आणि ऋषी नल-दमयंतीची कथा सुरू करतात. अध्यायांमागून अध्याय पांडव नुसते श्रोते बनून बसतात. पण त्या कथेत द्यूतात सर्वस्व हरलेल्या नलाला ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, मिळते. आणि कथा संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. पुढे विराटाच्या दरबारी तो कंक नावाने द्यूतात निपुण म्हणून राहतो. आडकथेने नायकाच्या हातात अशी एक वस्तू ठेवली आणि मग ती बाजूला झाली. लहानपणी आजीबरोबर गिरगावात कीर्तनाला जात असे, तेव्हाही हेच पाहिले होते: बुवा आख्यानात कितीही रमले, तरी शेवटी मूळ पदावर येणार याची श्रोत्यांना खात्री असे, आणि त्या खात्रीवरच आजी न पेंगता बसलेली असे.

ही उदाहरणे मनात ठेवून मी 'फीस्ट' काही वर्षांनी पुन्हा वाचले आणि मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. टिरियन त्यात पानोपानी आहे. तिसऱ्या खंडाच्या शेवटी त्याने बापाला मारले, त्याचे सावट त्याची बहीण सर्सी हिच्या प्रत्येक प्रकरणावर आहे. तिला तो भिंतीच्या आड दिसतो, अंधारात दिसतो, आणि बक्षिसाच्या लोभाने लोक तिच्यापुढे भलत्याच बुटक्या माणसांची मुंडकी आणून टाकतात. त्यांचा भाऊ जेमी याचे मन त्याच घावाभोवती घुटमळते. ब्रिएन ही लढवय्यी स्त्री सान्सा या बेपत्ता मुलीला शोधत हिंडते, आणि सान्सा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असल्याने ती चुकीच्या वाटेने जात असल्याचे आपण असहायपणे पाहतो. माझ्या कसोटीवर हा भाग चोख उतरतो. लोहद्वीपे आणि डॉर्न या प्रदेशांतली प्रकरणे मात्र मला दुसऱ्या वाचनातही परकीच वाटली: तिथल्या माणसांना आपल्या जुन्या मंडळींपैकी कोणाची उणीव भासत नाही, त्यांना कोणाची तरी शिडी करून वर चढायचे असते, आणि ती शिडी पुढे कुठे टेकली हे त्या खंडात दिसतच नाही.

मग पहिल्या वेळी इतका राग कशाचा होता? माझ्या मते त्यातील बराचसा भाग पुस्तकाबद्दल नव्हताच, प्रतीक्षेबद्दल होता. तिसरा खंड 2000 सालचा, चौथा 2005 चा. चौथ्याच्या टिपणात लेखकाने उरलेली पात्रे पुढच्या वर्षी भेटतील अशी आशा व्यक्त केली होती. प्रत्यक्षात 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' 2011 च्या जुलैमध्ये आले. म्हणजे टिरियनच्या वाचकाला अकरा वर्षांची खोटी. तेवढ्या काळात माझी नोकरी बदलली, लग्न झाले, आणि पास काढायचे ते स्टेशनही बदलले. आज सगळे खंड एकदम हाती घेणाऱ्याला हाच विरह दोन आठवड्यांत संपवता येतो. काही चाहत्यांनी दोन्ही खंडांची प्रकरणे एकमेकांत गुंफून वाचण्याचा क्रमही तयार केला आहे. मी तो करून पाहिला, पण दोन जाडजूड पुस्तके पर्समध्ये घेऊन गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात चढणे मला आठवडाभरापेक्षा जास्त झेपले नाही. आणि सर्सीच्या प्रकरणांची कोंदट हवा मधेमधे दारे उघडल्याने विरून जाते, असेही वाटले.

आणखी एक शक्यता असते, आणि ती सर्वांत अवघड असते: लेखकाचा जीवच दुसऱ्या पात्रात गुंततो. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' या हिंदी कादंबरीनंतर (1888) 'चंद्रकांता संतति' आली आणि नायकपद पुढच्या पिढीकडे गेले. त्यात भूतनाथ नावाचा एक ऐयार, म्हणजे वेषांतर करणारा हेर, इतका भाव खाऊन गेला की लेखकाने पुढे त्याच्याच नावाची स्वतंत्र मालिका सुरू केली. 1913 मध्ये खत्री वारले तेव्हा ती अपुरी होती आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी ती पूर्ण केली. मला हा व्यवहार सरळ वाटतो. मुखपृष्ठावर भूतनाथाचे नाव आहे, तेव्हा कोणासाठी पैसे मोजतो आहोत हे गिऱ्हाइकाला माहीत असते. जुन्या नायकाच्या पाटीखाली नवा माल विकला जातो, तेव्हा वाचकाने कुरकुर केली तर त्याला उतावीळ म्हणणे मला मान्य नाही.

तेव्हा तुमच्यापुरते असे करा. सहाव्या खंडातील नव्या पात्रांची कोणतीही तीन-चार प्रकरणे पुन्हा काढा आणि तुमच्या तिघांचे नाव, त्यांनी केलेली एखादी गोष्ट किंवा त्यांची भीती तिथे कशी डोकावते हे पेन्सिलीने खुणावत जा. खुणा बऱ्याच झाल्या, तर लेखक मूळ पदावर येणार आहे असे समजून सातवा खंड निर्धास्त घ्या. खुणा झाल्याच नाहीत, तर नव्या कोऱ्या प्रतीसाठी पैसे घालवू नका. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे अशा मालिकांचे सुटे खंड वरचेवर येतात, कारण तुमच्यासारखेच चिडलेले वाचक ते तिथे आणून टाकतात. आणि मालिकेचे नाव कळवा. मी ती वाचलेली असेल, तर तुमचे तिघे परत येतात की नाही एवढेच सांगेन. कसे येतात ते सांगणार नाही.