रामपुरी पिल्लू घरी येण्याआधी

रामबाग, इंदूर

चि.स अनेक आशीर्वाद.

तू रामपूर हाउंड जातीचा शिकारी कुत्रा आणणार असल्याचं आईकडून कळलं. आनंद झाला, काळजीही वाटली. याच जातीचा माझा शेरा अकरा वर्षं माझ्याजवळ होता, म्हणून हक्काने लिहितो आहे.

रामपूरच्या नवाबांनी अफगाणी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड या दोन शिकारी कुत्र्यांच्या संकरातून ही जात घडवली. २००५ साली टपाल तिकिटावर झळकली खरी, पण आज अस्सल पिल्लू मिळणं कठीण. त्यामुळे आईबाप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

हा कुत्रा नजरेवर शिकार करतो, एवढं आधी मनात पक्कं कर. पहाटे आम्ही रालामंडलच्या अलीकडच्या शेतांकडे जायचो. एकदा लांब गव्हात रोझडं, म्हणजे नीलगाय, हललं. शेराची मान ताणली गेली, मागच्या मांड्या थरथरायला लागल्या. मी हाक मारेपर्यंत त्याने पट्ट्यातून डोकं काढलंसुद्धा! तो ऐकत नव्हता असं नाही रे, त्या क्षणी त्याला ऐकूच येत नव्हतं. पुढे काटेरी तार होती. बरगडीवरची कातडी वीतभर फाटली. यांची कातडी कागदासारखी, खाली चरबी जवळजवळ नाहीच.

टाके घालताना भूल दिली, तर संध्याकाळपर्यंत तो नीट उठेना. मी फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. काही औषधांचा अंमल या कुत्र्यांत फार वेळ टिकतो, हे मला तेव्हा कळलं. तू डॉक्टरांना आधीच सांग: ग्रेहाउंडच्या रक्ताचा आहे.

यांचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, म्हणून साधा पट्टा चालत नाही. रुंद आणि ओढला की आवळणारा घे. उघड्यावर कधीही मोकळा सोडू नकोस, कितीही शहाणा वाटला तरी. जेवण दोनदा विभागून, आणि जेवल्यावर तासभर तरी पळापळ नको. पोट फुगलं आणि ओकारी येऊनही काही पडेना, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठ. झोपायला जाड गादी हवी, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. ओरडायचं तर अजिबात नाही. शेरा एका रागाच्या शब्दावर दोन दिवस कोपऱ्यात बसायचा.

तुमच्या मागच्या अंगणाची भिंत किती फूट आहे ते मोजून कळव. चारच असेल तर आधी ती वाढवू, मग रामपूरची तिकिटं काढू.

तुझा,
काका